दस्तुरीचा टक्का

२०१८ साली इथल्या वर्तमानपत्रांत आलेली एक बातमी माझ्या अजून लक्षात आहे. सिंगापूरमधल्या एका कंटेनर डेपोत काम करणाऱ्या दोन फोर्कलिफ्ट चालकांवर लाचखोरीचे आरोप ठेवले गेले होते. रिकामे कंटेनर न्यायला-आणायला आलेल्या ट्रकचालकांकडून ते पैसे घेत. पैसे दिले तर काम पटकन, नाही दिले तर ताटकळत बसा. आणि हे पैसे किती? बहुतेक वेळा एक डॉलर. त्या काळी हॉकर सेंटरमध्ये एका डॉलरला जेमतेम एक कप कोपी यायची.

त्याच आठवड्यात आमच्याकडे चार-पाच मराठी कुटुंबं जेवायला आली होती. बातमी निघाली आणि सगळे हसले. "एक डॉलर? आपल्याकडे पार्किंगवाला याहून जास्त घेतो!" मग एका काकांनी विचारलं, "पण ते सरकारी नोकर होते का?" नव्हते. डेपो खासगी, चालक खासगी कंपनीचे पगारी नोकर, ट्रकवालेही खासगी. यात सरकारचा पै-पैशाचा संबंध नव्हता. "मग ती लाच कशी?" असं काकांनी अगदी मनापासून विचारलं, आणि टेबलावरच्या निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. तो प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. या वर्षी मंडळाच्या अंकासाठी लिही म्हटल्यावर तोच घेऊन बसले आहे. त्याला कारणही तसंच घडलं, ते पुढे येईलच.

सिंगापूरच्या कायद्यापुरतं काकांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. इथला लाचप्रतिबंधक कायदा १९६० चा. त्यात सरकारी आणि खासगी असा मूळ गुन्ह्यात फरकच नाही. जो कुणी दुसऱ्याच्या वतीने काम करतो, मग तो मंत्रालयातला कारकून असो, हॉटेलचा खरेदी व्यवस्थापक असो की फोर्कलिफ्ट चालवणारा, त्याने मालकाच्या कामाच्या संदर्भात स्वतःसाठी काही घेतलं की ती लाच. 'काही' म्हणजे फक्त नोटा नव्हेत. भेटवस्तू, कमिशन, नोकरी, कर्जमाफी, मेहेरबानी, सगळं त्यात येतं. घेणारा आणि देणारा दोघेही गुन्हेगार. शिक्षा एक लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर घेतलेली रक्कम दंड म्हणून परत भरायची ती वेगळीच. इथली तपास संस्था सीपीआयबी १९५२ मध्ये स्थापन झाली. त्याच्या आदल्या वर्षी पुंगोलच्या किनाऱ्यावर अफूची मोठी चोरी झाली होती आणि चोरांत खुद्द पोलीस खात्यातले हवालदार-डिटेक्टिव्ह निघाले होते. म्हणजे सुरुवात झाली ती सरकारी लाचेपासूनच. पण आज सीपीआयबी दरवर्षी जी प्रकरणं तपासाला घेते, त्यातली बहुसंख्य खासगी क्षेत्रातली असतात.

याच कायद्यात २३ वं कलम आहे. ते मला सगळ्यात आवडतं. "आमच्या धंद्यात ही रीतच आहे" असा पुरावा न्यायालयात ग्राह्य धरला जाणार नाही, असं ते कलम सांगतं. रिवाज हा बचाव नाही.

मी मराठी घेऊन एम. ए. केलं, त्यामुळे इथे मला एक शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. दस्तुरी. मालकासाठी माल घ्यायला गेलेल्या नोकराला दुकानदाराने वरचेवर द्यायचा जो टक्का, तो दस्तुरी. शब्द आला दस्तूर म्हणजे रिवाज यावरून. आपल्या भाषेने त्या टक्क्याचं नावच 'रिवाज' ठेवून टाकलं! सिंगापूरच्या कायद्याने जो बचाव दाराबाहेर ठेवला, तो आपण थेट शब्दकोशात बसवला. आणि नीट पाहा, 'लाच' हा शब्द आपण तलाठी, हवालदार, महापालिकेचा इंजिनिअर यांच्यासाठी राखून ठेवला आहे. तोच व्यवहार दोन खासगी माणसांत झाला की त्याला लाच म्हणायची जीभ वळत नाही. मग तो कट होतो, कमिशन होतं, 'सांभाळून घेणं' होतं, दिवाळीची मिठाई होते. शब्द सौम्य झाला की मनही सौम्य होतं. हे मी भाषेची विद्यार्थिनी म्हणून म्हणते, नीतीची शिक्षिका म्हणून नव्हे.

शिक्षिका मात्र मी होते. लग्न होऊन इकडे येण्यापूर्वी पाच वर्षं मी चिंचवडच्या एका खासगी शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवत असे. शाळेच्या स्टाफरूममध्ये एका प्रकाशनाचं नाव लिहिलेलं मोठं घड्याळ होतं. त्याच प्रकाशनाच्या व्यवसायपुस्तिका मुलांना सक्तीने घ्याव्या लागत, बाजारातल्या तशाच पुस्तिकांपेक्षा महाग. घड्याळ हा त्या व्यवहाराचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग कुणाच्या खिशात जाई, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. गणवेशाचं दुकानही एकच ठरलेलं. यात सरकारी माणूस कुठेच नव्हता. पैसे मात्र पाचवी-सहावीतल्या मुलांच्या आईवडिलांचे होते. त्यांतले कितीतरी टेल्को रोडच्या आसपासच्या कारखान्यांत पाळीत काम करणारे. मी त्या घड्याळाखाली बसून 'नागरिकांची कर्तव्यं' या धड्याच्या वह्या तपासत असे.

आता दादाची गोष्ट सांगते. माझ्या थोरल्या भावाचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. तीन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, अकरा माणसं. वाहनांच्या सुट्या भागांसाठी तो बुश आणि पिना बनवतो. त्याचा मुख्य गिऱ्हाईक एक मोठी कंपनी होती. नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण दादा म्हणतो त्याप्रमाणे नावं बदलली तरी गोष्ट तीच राहते. चार वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग तिथे खरेदी विभागात नवा अधिकारी आला.

अशा माणसाने पैसे मागितले, असं कधी होत नाही. हे दादाकडूनच मला कळलं. तो फक्त म्हणतो, "आमच्याकडेही लक्ष असू द्या, साहेब." इतकंच. मग काही दिवसांनी माल गेटवर पोहोचतो, पण आत घेतल्याची पावती, जीआरएन, निघत नाही. जीआरएन नाही म्हणजे बिल नाही, बिल नाही म्हणजे पैसे नाहीत. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करावेत असा २००६ चा कायदा आहे, पण घड्याळ सुरू होतं माल स्वीकारल्यापासून. माल स्वीकारलाच नाही, तर कायदा काय करणार? मग एखादा लॉट तपासणीत नापास होतो. पुरवठादारांच्या गुणपत्रिकेत दादाचे गुण उतरतात. आणि शेवटी कुणीतरी तिसराच माणूस, चहाच्या टपरीवर, सहज बोलल्यासारखं सांगतो की दोन टक्के हा इथला दर आहे.

दोन टक्के! ऐकायला किती किरकोळ वाटतं. मी वही घेऊन दादासमोर व्हिडिओ कॉलवर बसले आणि हिशेब मांडला. शिक्षिकेची सवय. एक बुश बेचाळीस रुपयांना जातो. पोलाद, मजुरी, वीज, टूलिंग, मशीनचा हप्ता, हीट ट्रीटमेंट, वाहतूक हे सगळं जाऊन दादाच्या हाती राहतात साडेतीन रुपये. महिन्याला वीस हजार नग. म्हणजे विक्री आठ लाख चाळीस हजारांची, त्याचे दोन टक्के सोळा हजार आठशे. आणि नफा सत्तर हजार. दोन टक्के कसले, नफ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा!

तो कुठून काढायचा? वही पुढे ओढून आम्ही तेही पाहिलं. अकरा जणांच्या पगारातून काढता येईल. पोलाद एक प्रत हलकं घेता येईल, दिसायला फरक पडत नाही. हीट ट्रीटमेंटची भट्टी लवकर उतरवता येईल. बुश वरून तसाच चकचकीत दिसतो, पण वर्षभरात झिजतो. तपासणीला बसवलेल्या मुलीला काढून टाकता येईल. याखेरीज पाचवी जागा आम्हाला सापडली नाही. खासगी व्यवहारात "कुणाचं काय गेलं?" असं जे म्हणतात, त्याचं उत्तर त्या वहीच्या पानावर होतं. कंपनीचे पैसे गेले, ते कंपनीला कळलेही नाहीत. कामगाराचं गेलं. आणि त्या गाडीत बसणाऱ्या माणसाचं काय जाईल, हे तर कुठल्याच वहीत लिहिता येत नाही.

दादाने पैसे दिले नाहीत. तो काही फार तत्त्वनिष्ठ माणूस आहे असं मला बहीण म्हणूनही म्हणवत नाही. फॅक्टरीचा परवाना काढताना त्याने कुणाकुणाला किती दिले, ते मला ठाऊक आहे. पण इथे तो अडून बसला. म्हणाला, "तिथे पर्याय नव्हता गं. इथे मी माल चांगला देतोय. चांगला माल देण्यासाठीही पैसे द्यायचे?" सहा महिन्यांत ऑर्डर निम्म्यावर आली, मग बंद झाली.

आता कुणी म्हणेल, हे भोसरीचं झालं, आपल्या सिंगापूरचं काय? इथेही हे घडतं, आणि ते लपूनही राहत नाही, म्हणून सांगते. आयकियाच्या दुकानात चिकन विंग्ज खायला आपण सगळेच जातो. त्या उपाहारगृहांच्या खाद्यविभागाचा व्यवस्थापक काही वर्षं आपल्याच ओळखीच्या दोघांच्या कंपन्यांकडून विंग्ज आणि सुका किराणा घेत होता. त्या कंपन्या बाहेरून माल घेऊन, वर किंमत चढवून आयकियाला विकत आणि नफ्यातला तिसरा हिस्सा व्यवस्थापकाला जाई. एकूण सुमारे चोवीस लाख डॉलर. त्याच्यावर ऐंशी आरोप ठेवले गेले. त्याचा बचाव मोठा चतुर होता. मला कुणी लाच देऊ केलीच नाही, ही योजना आमची सगळ्यांची मिळून होती, मग मला फितवलं कुणी? २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने ते मान्य करून त्याला सोडलं. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. लाच घ्यायला बाहेरच्या माणसाने फितवावंच लागतं असं नाही, म्हणाले, आणि ९८ आठवड्यांची कैद कायम झाली. घरी बाजारहाट करणारी बाई म्हणून मला यातलं नेमकं काय टोचतं सांगू? मधल्या कंपन्यांनी चढवलेले ते सगळे पैसे विंग्जच्या पाठीवर बसून आले होते.

आपल्यातले बरेच जण आयटीत आहेत, त्यांनी २०२३ ची टीसीएसची बातमी वाचलीच असेल. कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या कंपन्यांना झुकतं माप देण्याच्या प्रकरणात कंपनीने चौकशी केली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये स्वतःच जाहीर केलं, की १९ कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, त्यातल्या १६ जणांना काढलं आणि सहा पुरवठादार कंपन्यांना दार बंद केलं. कंपनीचं आर्थिक नुकसान झालेलं नाही, असंही सांगितलं. मला मात्र वाटत राहतं ते त्या मुलांचं, ज्यांचे बायोडेटा चुकीच्या कंपनीतर्फे गेले म्हणून तळाशी राहिले असतील. त्यांना कधी कळणारही नाही.

यात पोलीस कुठे होते, असं दादाने विचारलं होतं. तोच खरा मुद्दा आहे. आपला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, आणि तो लोकसेवकांभोवती उभा आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी बँकेच्या अधिकाऱ्यांनाही या कायद्यापुरतं लोकसेवक मानलं. २०१८ च्या दुरुस्तीने लोकसेवकाला लाच देणाऱ्या कंपनीलाही जबाबदार धरलं. पण एका खासगी कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने दुसऱ्या खासगी पुरवठादाराकडून दोन टक्के घेतले, तर त्याला थेट लाच म्हणणारं कलम त्यात नाही. फसवणूक, विश्वासघात अशी वळणं घेत जावं लागतं, आणि तक्रार मुख्यतः कंपनीनेच करायची. संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी कराराला भारताने २०११ मध्ये मान्यता दिली. खासगी क्षेत्रातली लाचही गुन्हा ठरवण्याचा विचार करा, असं त्या करारात आहे. आपण अजून विचार करतो आहोत. काकांचा प्रश्न, "मग ती लाच कशी?", हा त्यांचा एकट्याचा नव्हताच. आपल्या कायद्याचाही तोच प्रश्न आहे.

सिंगापूरचे गोडवे गायला मी बसलेली नाही. ज्या सीपीआयबीने एका डॉलरसाठी फोर्कलिफ्ट चालकांना न्यायालयात उभं केलं, तिनेच २०२३ च्या जानेवारीत केपेल ऑफशोअर अँड मरिन या कंपनीच्या सहा माजी वरिष्ठांना केवळ कडक ताकीद देऊन सोडलं. ब्राझीलमध्ये कंत्राटं मिळवण्यासाठी त्या कंपनीतर्फे सुमारे साडेपाच कोटी अमेरिकी डॉलरची लाच दिली गेली होती. कंपनीने २०१७ मध्ये अमेरिका, ब्राझील आणि सिंगापूर मिळून ४२ कोटी २० लाख अमेरिकी डॉलर भरायचं कबूल केलं होतं. साक्षीदार परदेशात, कागदपत्रं अपुरी, म्हणून खटला उभा राहत नाही, असं सरकारने संसदेत सांगितलं. असेलही. पण माझ्या शेजारची चिनी आजी त्या दिवशी लिफ्टमध्ये जे म्हणाली ते मी इथे छापू शकत नाही. एक डॉलरवाल्याच्या नशिबी परदेशातले साक्षीदार नव्हते, एवढंच म्हणते.

कायदा एका बाजूला. रोजचं काम थांबतं किंवा चालतं ते ऑफिसातल्या बारीकसारीक, कंटाळवाण्या नियमांनी, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. तो इथे एका कंपनीत खरेदी विभागातच आहे. त्यांच्याकडे एकाच मालाची खरेदी एका माणसाकडे तीन वर्षांहून जास्त ठेवत नाहीत. पुरवठादार निवडणारा वेगळा, माल तपासून घेणारा वेगळा, बिल मंजूर करणारा वेगळा, आणि तिघांचे साहेबही वेगळे. जीआरएन दोन दिवस अडली की संगणक आपोआप वरच्याला कळवतो. पुरवठादाराची तक्रार खरेदी विभागाकडे जातच नाही, ती थेट बाहेरच्या एका संस्थेकडे जाते. दादाच्या गोष्टीशी हे ताडून पाहिलं तेव्हा मला कळलं की त्या अधिकाऱ्याकडे निवड, गेट, तपासणी, गुणपत्रिका या सगळ्यांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात होत्या. तो माणूस वाईट असेलही, पण ते जुडगं त्याच्या हाती कंपनीने दिलं होतं.

आणि हो, भेटवस्तूंची वही. पन्नास डॉलरपेक्षा जास्त किमतीचं काही आलं तर परत, त्याखालचं असेल तर वहीत नोंद, आणि खाण्याचं असेल तर ते पँट्रीत सगळ्यांसाठी. त्यामुळे दिवाळीत आमच्या घरी पुरवठादारांची काजूकतली येत नाही. ती सव्विसाव्या मजल्यावर मलय, तमिळ आणि चिनी सहकाऱ्यांच्या पोटात जाते. चिनी नववर्षाला संत्री आली की तीही तशीच. माझ्या सासूबाईंना हे अजिबात पटलेलं नाही. "सणाचं गोड परत पाठवतात का कुठे?" असं त्या दर वर्षी विचारतात.

दादाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या कंपनीच्या पुरवठादार पोर्टलवर, अगदी तळाशी, तक्रारीसाठी एक पत्ता होता. मी तो शोधून दिला. वहिनीचा विरोध होता. "ऑर्डर तर गेलीच आहे, आता बाकीच्या गिऱ्हाइकांत नाव खराब होईल," असं तिचं म्हणणं होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. एमआयडीसीत सगळे सगळ्यांना ओळखतात. तरी दादाने मार्चमध्ये मेल लिहिली. मी ती मराठीतून इंग्रजीत केली. तारखा, गाडीचे नंबर, अडलेल्या जीआरएनचे क्रमांक, नापास लॉटचे आमच्याकडचे तपासणी अहवाल, एवढंच त्यात ठेवलं. 'भ्रष्टाचार' हा शब्द एकदाही वापरला नाही. सात आठवड्यांनी दोन माणसं भोसरीला आली, तीन तास बसली, चहा घेतला नाही. ऑगस्टमध्ये त्या अधिकाऱ्याची दुसऱ्या विभागात बदली झाल्याचं कळलं. चौकशीतून झाली की नेहमीची, कोण जाणे. कंपनीने काही कळवलेलं नाही. दादाच्या जागी ज्याला काम मिळालं, त्याच्याकडेच ते अजून आहे.

दादाने मधल्या काळात सांगलीकडच्या एका पंप बनवणाऱ्याचं काम धरलं आहे. नग कमी, पण पैसे तिसाव्या दिवशी येतात. तपासणीला बसणारी मुलगी अजून कामावर आहे. अकरातले दोघे मात्र गेले. व्हीएमसीचा हप्ता २०२८ पर्यंत आहे, आणि वहिनी गेल्या रविवारी फोनवर म्हणाली की या वर्षी बोनस द्यायचा म्हणून तिने भिशी उचलली.